प्राथमिक शाळेत धर्मांची ओळख कशी करून द्यावी: मुंबईतल्या नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये वेळापत्रक हातात पडतं आणि त्यात आठवड्याला एखादी तासिका ‘मूल्यशिक्षण’ म्हणून दिसते. महाराष्ट्रात मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्यं ठरलेली आहेत, त्यांत वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा यांच्याबरोबर सर्वधर्मसहिष्णुताही आहे. वक्तशीरपणावर बोलायला कुणी घाबरत नाही. धर्माचा विषय आला की मात्र नवे शिक्षक ती तासिका गणिताच्या उरलेल्या उदाहरणांना देऊन टाकतात, नाहीतर सणाच्या आदल्या दिवशी फळ्यावर शुभेच्छा लिहून मोकळे होतात. कोण कशानं दुखावेल याची धास्ती असते आणि ती समजण्यासारखी आहे.

पण मुंबईतल्या मुलाला धर्म टाळता येतच नाही. शाळेच्या वाटेवर त्याला नाक्यावरचं मारुतीचं देऊळ लागतं, गावठाणाच्या तोंडाशी हार घातलेला क्रूस लागतो, शुक्रवारी दुपारी रस्त्याच्या कडेनं मशिदीकडे निघालेली माणसं दिसतात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला पांढऱ्या कपड्यांतली रांग दिसते. हे काय आहे, हे वर्गात कुणी सांगितलं नाही तर तो ते गल्लीतून आणि मोबाइलवरून उचलतो, आणि तिथं ते बहुधा रागाच्या भाषेत मिळतं. म्हणून ही तासिका सोडू नका. तिच्यात दोन गोष्टी साधायच्या. एक, लोक काय करतात आणि ते त्यांना का महत्त्वाचं वाटतं, हे मुलांना नेमकं सांगता यावं. दोन, हे शिकताना वर्गातल्या एकाही मुलाला आपल्या धर्माचा वकील किंवा नमुना होऊन उभं राहावं लागू नये. मला विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे, आणि जास्त महत्त्वाचीही.

शाळा कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा

राज्यघटनेचं 28 वं कलम एकदा शांतपणे वाचून ठेवा, छोटंसंच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल तर त्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असल्यानं पालकांची संमती लागते. महापालिकेची शाळा पहिल्या प्रकारात मोडते. ख्रिस्ती, मुस्लिम, जैन वा हिंदू ट्रस्टची खाजगी शाळा सहसा दुसऱ्या प्रकारात. मुंबईतल्या पुष्कळ कॅथलिक शाळांत कॅथलिक मुलांना कॅटेकिझम (त्यांच्या धर्माचं शिक्षण) आणि त्याच तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण, अशी विभागणी जुनी आहे. तुमच्या शाळेची रीत काय आहे ते मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

एखाद्या धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. दुसऱ्याला घटनेची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं आहे. वर्गात ही रेघ ओळखायला मी एक साधी कसोटी वापरते. या तासाला मुलानं काही म्हणायचं आहे का, हात जोडायचे आहेत का, काही खायचं किंवा कपाळाला लावून घ्यायचं आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती उपासना झाली, आणि तिची जागा या तासाला नाही. परिपाठातली प्रार्थना हा शाळेचा वेगळा विषय आहे, त्याची गल्लत इथं करू नका.

वर्ग ओळखा, पण चौकशी न करता

जनरल रजिस्टरमध्ये धर्म-जातीचा रकाना असतो. तो पाहून वर्गाची मांडणी मनात करू नका आणि मुलांसमोर तर कधीच उघडू नका. आडनावावरून अंदाज बांधण्याची आपल्याला फार सवय असते, आणि कोकणच्या बाबतीत ती हमखास फसते. पेणकर किंवा किहीमकर आडनावाचं मूल बेने इस्रायली ज्यू असू शकतं, परकार आडनावाचं कोकणी मुसलमान असू शकतं. शिवाय एकाच घरात आई एका धर्माची, बाबा दुसऱ्या, हे मुंबईत नवीन नाही. काही घरांत देव्हाराच नसतो. अशा घरातलं मूलही वर्गात इतरांइतक्याच मोकळेपणानं बसलं पाहिजे.

‘ईद कोण कोण करतं? हात वर करा,’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि तोच सगळ्यात वाईट. चाळीस मुलांत तीन हात वर येतात आणि पुढचं वर्षभर ती तीन मुलं ‘ईदवाली’ ठरतात. त्याऐवजी जूनमध्येच एक चित्र काढायला द्या: आमच्या घरचा एक खास दिवस. कुणी गणपती काढेल, कुणी शीरखुर्म्याची वाटी, कुणी गावच्या जत्रेतला पाळणा, कुणी नुसता वाढदिवसाचा केक. ज्याला जेवढं सांगायचं तेवढंच तो सांगेल. तुम्हाला वर्ग कळतो आणि कुणाची झडती होत नाही.

एखाद्या मुलाला आपण होऊन सांगायचं असेल तर जरूर सांगू द्या. पण ‘सना, तू सांग बरं तुमच्यात रोजा कसा करतात,’ असं बोट दाखवून विचारू नका. सनाला आठ वर्षांचं असताना सगळ्या मुसलमानांच्या वतीनं बोलायची पाळी येते. आणि तिला ते नीट सांगता आलं नाही तर तिला वाटणारी लाज तुम्ही लादलेली असते.

पालकांना आधी सांगा

जूनच्या पालक सभेत पाच मिनिटं मागून घ्या. शिवाय एक चिठ्ठी द्या, साधारण अशी: ‘यंदा आपल्या पाल्याच्या वर्गात आपल्या परिसरातल्या निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणार आहोत. यात प्रार्थना, पूजा किंवा प्रसाद नाही. कोणता धर्म चांगला किंवा वाईट, याची चर्चा होणार नाही. काय शिकवणार याची यादी सोबत आहे. काही शंका असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर भेटावं.’

भेटायला येणाऱ्यांच्या शंका दोनच प्रकारच्या असतात. एक, ‘आमच्या मुलाला दुसऱ्यांचं कशाला?’ यावर वाद घालू नका. तो ज्या इमारतीत राहतो आणि ज्या लोकलनं पुढं कॉलेजला जाणार आहे, तिथली माणसं त्याला कळावीत म्हणून, एवढं सांगा. दुसरी शंका, ‘तुम्ही आमचं चुकीचं सांगाल,’ ही रास्त आहे. अशा पालकांना तुमचं टाचण दाखवा आणि म्हणा, ‘मी हे असं सांगणार आहे, बरोबर आहे ना?’ बहुतेक आयाबाया मनापासून मदत करतात. बारीकसारीक चुका सुधारतात, कुणी घरचा फोटो पाठवतं. वर्षअखेरीला हेच पालक तुमच्या बाजूनं उभे राहतात.

कोणत्या इयत्तेला काय

पहिली-दुसरीला संस्थापक, ग्रंथ, तत्त्वं यांतलं काही नको. डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, तेवढंच घ्या: दिवा, मेणबत्ती, उदबत्ती, घंटा, अजान, फुलं, खास दिवसाचे कपडे. कोण काय पेटवतं, कोण काय वाजवतं, कोण काय रांधतं.

तिसरी-चौथीला मुलं आपल्या वयाकडे बघू लागतात, आणि इथं एक सुंदर विषय हाताशी आहे: आपल्या एवढ्या मुलांचे विधी. काही हिंदू घरांत परंपरेनं आठव्या वर्षी मुंज करतात. पारशी मुलामुलींची नवजोत साधारण याच वयात होते, तेव्हा त्यांना सुदरा (आतून घालायचा पांढरा सदरा) आणि कुस्ती (कमरेला बांधायचा पवित्र दोरा) मिळते. कॅथलिक मुलं याच सुमारास पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकरी, घेतात. पुष्कळ मुस्लिम घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाह करून त्याला पहिलं अक्षर शिकवतात. मुलांना हे ऐकून नवल वाटतं ते एवढ्यासाठी, की प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मुलाला म्हणत असतं, ‘आता तू मोठा झालास, हे आता तुझं तू सांभाळ.’ हा धागा त्यांचा त्यांना सापडू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

पाचवीला संस्थापकांची चरित्रं, ग्रंथांची नावं आणि मतभेदही घेता येतात.

एक तासिका, जवळून

नव्या शिक्षकानं सुरुवात करावी असा माझ्या मते सगळ्यात चांगला पाठ म्हणजे ‘आत जाण्याआधी’. तिसरी-चौथीसाठी पस्तीस मिनिटांची तासिका पुरते. साहित्य म्हणून फळा आणि खडू.

सुरुवातीला फळ्यावर एक मोठं दार काढा. विचारा, ‘कुणाच्या घरी जाताना दारात काय काय करता?’ चप्पल काढतो, पाय पुसतो, बेल वाजवतो. ते दाराच्या डाव्या बाजूला लिहा. मग विचारा, ‘लोक प्रार्थनेच्या जागी जातात तेव्हा दारात काय करतात? जे तुम्ही पाहिलंय तेवढंच सांगा.’ ‘तुमच्यात काय करतात’ असं विचारायचं नाही, ‘काय पाहिलंय’ असं विचारायचं. मग देवळात जाणारा मुलगाही माहीमच्या दर्ग्याबद्दल सांगतो, कारण तो आजीबरोबर तिथं गेलेला असतो.

उजवी बाजू भरत जाते. देवळात चपला बाहेर काढतात, घंटा वाजवतात. मशिदीत वजू करतात. तो क्रमानं सांगा: हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग घोट्यापर्यंत पाय. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकतात, हातपाय धुतात. जैन देरासरात चामड्याची वस्तू आत नेत नाहीत आणि शिरताना ‘निसीही’ म्हणतात, म्हणजे बाहेरची कामं आता मागे ठेवली. बौद्ध विहारात चपला काढून, बसून त्रिसरण-पंचशील म्हणतात. कॅथलिक चर्चमध्ये दाराशी ठेवलेल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये पुरुष डोक्यावर टोपी घालतात. अग्यारीत, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरात, पारशी हात-तोंड धुऊन कुस्तीची प्रार्थना करतात.

इथं कुणीतरी विचारतंच, ‘बाई, चर्चमध्ये चपला का नाही काढत?’ हा प्रश्न आला की तास जमला समजा. घाईनं उत्तर देऊ नका. वर्गाला विचारा, ‘चप्पल काढणं म्हणजे काय सांगणं असतं?’ मान देणं, स्वच्छ राहणं, अशी उत्तरं येतात. मग सांगा की तिथले लोक तोच मान दुसऱ्या रीतीनं दाखवतात: गुडघा टेकतात, शांत बसतात, पुरुष टोपी काढतात. सिनेगॉगमध्ये मान द्यायला टोपी घालतात आणि चर्चमध्ये काढतात, हे मुलं घरी जाऊन सांगतात. पालकच दुसऱ्या दिवशी विचारतात, खरं का हो?

शेवटची पाच मिनिटं वहीला. प्रत्येकानं दोन वाक्यं लिहायची, अशा साच्यात: ‘अमुक ठिकाणी लोक अमुक करतात, कारण ते असं मानतात की...’ हा साचा वर्षभर सोडू नका. ‘पाण्यानं पाप धुतलं जातं’ असं शिक्षकानं म्हटलं की तो शिक्षकाचा शब्द होतो. ‘असं ते मानतात’ म्हटलं की मानणारा आणि न मानणारा, दोघंही एका बाकावर बसू शकतात. ‘आपले सण’ आणि ‘त्यांचे सण’ ही वाटणीही अशीच जिभेवर येते. सणाला त्याच्या नावानंच हाक मारा.

पंचांग, चंद्र आणि रमजान

चौथी-पाचवीला आणखी एक पाठ आवर्जून घ्या. त्यात धर्मही आहे आणि परिसर अभ्यासही. ‘नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरलाच, मग गणपती मागेपुढे का? आणि रमजान कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात कसा?’

चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं. इस्लामी पंचांग चंद्रावरच चालतं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो आणि फिरत फिरत सगळ्या ऋतूंतून जातो. आपल्याकडच्या मराठी पंचांगात साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून चंद्राची सूर्याशी गाठ घालून देतात, म्हणून गणपती मागेपुढे झाले तरी पावसाळ्याच्या अखेरीसच येतात. पारशांच्या शहेनशाही पंचांगात लीप वर्षाचा दिवसच नाही, त्यामुळे त्यांचं नववर्ष सरकत सरकत आता ऑगस्टमध्ये आलं आहे.

मुलांना अमावस्येनंतर दोन-तीन दिवस संध्याकाळी गॅलरीतून किंवा गच्चीतून चंद्रकोर शोधायला सांगा. मुंबईच्या पावसाळी ढगांत ती दिसणार नाही, तेव्हा हा पाठ दिवाळीनंतर ठेवा. आणि एक खरी घडलेली गोष्ट सांगा. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. रस्त्यांवर विसर्जनाची गर्दी असणार म्हणून मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी, 29 ला काढायचं ठरवलं. हे का घडलं, ते चंद्राच्या हिशेबावरून मुलांना स्वतः शोधू द्या. सलोख्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

गोष्टी, नाटकं आणि चित्रं: इथं जपून

प्रेषित मुहंमदांचं चित्र काढायला सांगू नका, दाखवू नका, आणि त्यांची भूमिका कुणाला देऊ नका. शीख गुरूंची भूमिका मुलांनी करण्यालाही शीख समाजाचा आक्षेप असतो. कुराण किंवा गुरू ग्रंथ साहिब वर्गात ‘साहित्य’ म्हणून हाताळायला आणू नका. त्यांना हाताळण्याचे नियम आहेत आणि ते वर्गात पाळले जाणार नाहीत. नाताळला सगळ्या वर्गाला सांता करणं किंवा जन्माष्टमीला सगळ्यांना कृष्ण-राधा करणं, यापेक्षा ज्यांना हौस आहे त्यांना करू द्या आणि बाकीच्यांना खरीखुरी दुसरी कामं द्या. कोपऱ्यात बसवून ठेवू नका.

खाण्याचं तर फारच सांभाळा. जैन मुलाला कांदा-बटाटा चालत नाही, पुष्कळ घरांत अंडं चालत नाही आणि केकमध्ये ते असतं. प्रसाद वाटायचा मोह टाळा. रमजानमध्ये चौथीतलं मूलही कधी हौसेनं रोजा धरतं. त्याला कौतुकाचा विषय करू नका आणि पाणी पी म्हणून मागेही लागू नका. पीटीच्या तासाला सावलीत बसू द्या आणि घरी कळवून ठेवा. श्रावणात किंवा चतुर्थीला उपास करणाऱ्या मुलीलाही तोच नियम.

गोष्टी सांगताना मराठीतलं आपल्या हाताशी केवढं आहे ते विसरू नका. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान होते आणि मराठी संतकवी होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली मराठी ओव्यांत छापलं गेलं. कोकणातले बेने इस्रायली तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आजही ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करतात. पोहे-खोबरं ऐकलं की वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ‘ज्यू’ हा शब्द त्याला परका राहत नाही.

क्षेत्रभेट

पहिली भेट माहीमची करा. सेंट मायकल चर्च, मखदूम अली माहिमींचा दर्गा आणि शीतलादेवीचं देऊळ, तिन्ही एका सकाळी मुलांना घेऊन होतात. बुधवारी मात्र जाऊ नका. 1948 पासून दर बुधवारी त्या चर्चमध्ये नोव्हेना (खास प्रार्थना) चालते आणि सर्व धर्मांच्या लोकांची रीघ लागते. मुलांना त्या गर्दीबद्दल सांगा, तिच्यात नेऊ नका. डिसेंबरमध्ये दर्ग्याचा उरूस असतो; त्याचा पहिला संदल (चंदन अर्पण करायची मिरवणूक) मुंबई पोलिसांकडून जातो, हे मुलांना फार आवडतं.

जायचा दिवस ठरवताना मशिदीसाठी शुक्रवार, सिनेगॉगसाठी शनिवार, चर्चसाठी रविवार टाळा. काळा घोड्याजवळचं 1884 चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बघण्यासारखं आहे, पण सुरक्षेमुळे आधी परवानगी काढा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. बाहेरून इमारत दाखवा आणि कारण आदरानं सांगा. ‘आपल्याला का नाही?’ यावर ‘तो त्यांचा नियम आहे, जसा तुमच्या देव्हाऱ्याला कोण हात लावणार हा तुमच्या घरचा नियम असतो’ एवढं पुरतं. हाजी अलीला जायचं तर भरती-ओहोटीच्या वेळा बघा, भरतीला वाट पाण्याखाली जाते. चैत्यभूमीला 6 डिसेंबरच्या आसपास लहान मुलं नेऊ नका, इतर कुठल्याही दिवशी शांतपणे बघता येते. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, तेव्हाही तेच.

दूर जाणं जमत नसेल तर शाळेभोवती चाला. गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या जुन्या वस्त्यांत ठिकठिकाणी क्रूस आहेत. त्यांतले बरेच 1896 च्या प्लेगच्या काळात लोकांनी रोगापासून रक्षण व्हावं म्हणून उभारले. कोरोनाचं नाव घरोघर ऐकलेल्या मुलांना हे लगेच कळतं. महापालिकेच्या काही इमारतींत मराठी आणि उर्दू माध्यमाची शाळा वरच्या-खालच्या मजल्यावर असते. अशा ठिकाणी क्षेत्रभेट म्हणजे एक जिना. दोन्ही मुख्याध्यापकांना भेटून दोन वर्गांना महिन्यातून एकदा एकत्र खेळायला, चित्र काढायला बसवा.

संमतीपत्र, पाण्याच्या बाटल्या, सोबत दोन पालक आणि शिपाई मावशी हे धरूनच चाला. ज्या मुलाचे पालक नको म्हणाले, त्याला त्या दिवशी शाळेत काम द्या आणि कारण वर्गात बोलू नका.

अवघड प्रश्न

‘बाई, देव खरंच असतो का?’ उत्तर: ‘पुष्कळ लोक मानतात की असतो, आणि वेगवेगळ्या तऱ्हेनं मानतात. काही लोक मानतात की नसतो. बौद्ध आणि जैन परंपरांत जग निर्माण करणारा देव मानत नाहीत. तुझ्या घरी काय मानतात ते विचार आणि मोठा झालास की तू विचार कर.’ हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं तरी तसं नाही, यात चार खऱ्या गोष्टी आहेत.

‘तुम्ही काय मानता?’ यावर आम्ही घरी कोणते सण करतो ते मी सांगते, कारण लपवलं तर मुलांना ती काहीतरी वाईट गोष्ट वाटते. खरं काय, यावर मात्र माझं मत देत नाही. त्या वयात बाईंचं मत म्हणजे बरोबर उत्तर असतं.

कुणाचे आजोबा वारले की प्रश्न येतात: जाळतात का, पुरतात का, पारशी काय करतात. त्या दिवशी माहितीचा तास घेऊ नका. त्या मुलाजवळ बसा. महिन्याभरानं, कुणाचं नाव न घेता सांगा की काही लोक दहन करतात, काही दफन करतात, आणि पारशी परंपरेत मलबार हिलवरच्या डूंगरवाडीत देह ठेवतात. प्रत्येक घरात माणसं रडतात आणि एकमेकांच्या घरी जेवण पोचवतात.

‘माझा काका म्हणतो ते लोक घाण असतात.’ हे वाक्य कधी ना कधी येणार. मुलाला ओरडू नका, काकांना वाईट म्हणू नका, आणि हसून सोडूही नका. जिच्याबद्दल बोललं गेलं ती मुलगी वर्गात बसलेली आहे आणि तुमच्या तोंडाकडे बघते आहे. तिथल्या तिथं, शांत पण ठाम आवाजात म्हणा, ‘असं आपल्या वर्गात कुणाबद्दलही बोलायचं नाही. हे खरंही नाही.’ मग पुढचा पाठ चालू ठेवा. सुट्टीत दोघांशी वेगवेगळं बोला, आधी त्या मुलीशी. चिडवणं परत परत होत असेल, नावावरून, डब्यावरून किंवा ‘तुमच्या देशात जा’ वगैरे, तर त्याला मुलांचं भांडण समजून सोडू नका. मुख्याध्यापकांना लेखी कळवा, दोन्ही घरच्यांना बोलवा.

जातीचा विषय

धर्मांची गोड गोड ओळख करून देऊन हा विषय वगळला तर वर्गातल्या अनेक मुलांच्या घरची गोष्टच आपण वगळतो. पाचवीच्या मुलांना हे कळतं. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह पाणी प्यायलं, कारण तिथं अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना पाण्याला शिवू देत नव्हते. 1930 मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात जाऊ द्या म्हणून सत्याग्रह झाला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. हे सरळ, तारखांसकट सांगा. ‘पूर्वी काही लोक असं करायचे’ असं गुळमुळीत बोलू नका. देवळाचं दार बंद होतं आणि ते धर्माचं नाव घेऊन बंद केलं होतं, हे स्पष्ट म्हणा. ‘तुमच्यापैकी कोण बौद्ध?’ हे इथंही विचारायचं नाही. मूल आपण होऊन म्हणालं, ‘आमच्याकडे बाबासाहेबांचा फोटो आहे,’ तर आनंदानं ऐका.

नोंदी

श्रद्धेला गुण देता येत नाहीत, द्यायचेही नाहीत. बघायचं ते एवढंच: मूल दुसऱ्याच्या रीतीबद्दल हसू न करता, बरोबर शब्दांत दोन वाक्यं सांगू शकतं का? ‘ते मानतात’ हा साचा त्याच्या लिहिण्यात उतरला का? वर्णनात्मक नोंदीत तसं लिहा.

एक वही मात्र ठेवाच, मुलांच्या उत्तर न सापडलेल्या प्रश्नांची. ‘मला नक्की माहीत नाही, विचारून सांगते’ असं वर्गात म्हणा आणि खरोखर विचारा: जवळच्या चर्चचे फादर, मशिदीचे मौलाना, विहारातले भंते, देरासरचे ट्रस्टी, देवळाचे गुरव. शाळेतून आलोय म्हटलं की ही मंडळी वेळ काढून बोलतात. उत्तर आलं की प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं नाव घेऊन ते वर्गात सांगा. एप्रिलमध्ये वर्ग पुढे गेला की ती वही पुढच्या वर्गशिक्षकांकडे द्या, कोणत्या पालकांनी कशाला नको म्हटलं होतं त्याच्या नोंदीसकट.